शांतवनकाकांचे चार रकाने

शांतवन आढाव हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मला एकदा भेटायचंय. शांतवन म्हणजे सांत्वन, दिलासा. चौदा वर्षं मी या गृहस्थांच्या शेजारी राहिले, त्यातली नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, आणि त्यांनी कुणाला दिलासा दिल्याचं मला एकदाही आठवत नाही. तुम्ही रडत त्यांच्या दारात गेलात तर ते आधी खुर्ची पुढे करायचे, मग पाणी आणायचे, आणि मग समोर बसून विचारायचे, "हे कोणी पाहिलं?"

हा त्यांचा पहिला प्रश्न, कुठल्याही बाबतीत. ऑफिसात सर्व्हर बंद पडला, हे कोणी पाहिलं? आमच्या मागच्या अंगणात कोल्हा येऊन गेला म्हणे, हे कोणी पाहिलं? ‘म्हणे’ या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. माझा नवरा एकदा त्यांच्यासमोर सहज बोलून गेला की सगळे म्हणतात, अमेरिकेतल्या आपल्या या ईडन प्रेरीत आता पूर्वीसारखी थंडी राहिली नाही. काकांनी खिशातली छोटी वही काढली, पेनचं टोपण उघडलं आणि म्हणाले, "सांगा, कोण कोण?" तेव्हापासून माझा नवरा त्यांच्याशी फक्त क्रिकेटवर बोलायचा, तेही स्कोअर हातात घेऊन.

ती वही आणि ते पेन त्यांच्याकडे कायम असायचं. प्रमिलाकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, त्यांच्या टी-शर्टांनाही खिसा शिवून द्यायच्या. "काय करणार," काकू म्हणायच्या, "ह्यांना स्वर्गात घेतलं ना, तर हे दारातच उभे राहून विचारतील, हे कोणी पाहिलं?" काकू हे काकांच्या तोंडावर म्हणायच्या आणि काका मान हलवून कबूल करायचे.

आमचं काम काय, ते सांगायला हवं, कारण काका त्या कामातून घडले. इथे हॉस्पिटलं एकमेकांना विकत घेतात. मग त्यांच्या पेशंटच्या याद्या एकत्र कराव्या लागतात. एकाच माणसाच्या चार ठिकाणी चार नोंदी असतात, एकीत मधलं नाव आहे, एकीत नाही, एकीत पत्ता जुना. त्या चारांतून एक पक्की नोंद बनवायची आणि बाकीच्या पुसायच्या, हे आमचं पोट भरण्याचं साधन. त्या पक्क्या नोंदीला ऑफिसात ‘गोल्डन रेकॉर्ड’ म्हणतात. काका या टीमचे लीड होते आणि पुसण्याला त्यांचा कडाडून विरोध होता. म्हणजे हलवाई असून साखरेला विरोध.

मी नागपूरहून नवीन आले होते, डोक्यात हवा होती. पहिल्याच महिन्यात मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिलं, त्यानं हजारो डुप्लिकेट नोंदी एका दुपारीत साफ केल्या. मी छाती फुगवून दाखवायला गेले. काकांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर दोन पिवळे पडलेले कागद चिकटवलेले होते, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वाच."

दोन्ही कागदांवर मारिया नावाची बाई होती. आडनाव एक, जन्मतारीख एक, रस्ता एक, फक्त घर नंबर वेगळा. फार वर्षांपूर्वी काकांनी स्वतः नियम लिहिला होता की एवढं जुळलं तर माणूस एकच समजायचा, आणि जिथे फरक असेल तिथे नवी नोंद खरी धरायची. बाईनं घर बदललं असेल, असं त्यांनी गृहीत धरलं. पण त्या दोघी जावा होत्या, समोरासमोर राहणाऱ्या. जुन्या नोंदीत पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली होती, नव्या नोंदीत नव्हती. पुसली गेली. एका मारियाला ते इंजेक्शन दिलं गेलं आणि ती आठ दिवस आयसीयूत होती. वाचली. चौकशीत वरच्यांनी सांगितलं की नियम मंजूर झालेला होता, कुणा एकाची चूक नाही. काकांनी तिथल्या तिथे लिहून दिलं की चूक माझी आहे, आणि खाली सही केली. कंपनीचा वकील तो कागद मागे घ्या म्हणून दोनदा त्यांच्या मागे लागला. त्यांनी घेतला नाही.

"दोन नोंदी जुळत नाहीत म्हणजे त्यातली एक खोटी, असं आपल्याला वाटतं," काका मला म्हणाले. "तसं नसतं. कधीकधी त्या दोन बायका असतात."

"आणि काही केल्या जुळलंच नाही तर?"

"जुळत नाही, तर नाही. दोन्ही ठेवायच्या. त्रास होतो, होऊ दे."

त्या रात्री मी घरी जाऊन त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. माझं स्क्रिप्ट त्यांनी फेकून दिलं होतं. पण त्यानंतर मी एकही नोंद कायमची पुसली नाही, हेही खरं.

आता माझा आणि त्यांच्या उपासनेचा संबंध कसा आला, ते. आढाव मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मी हिंदू घरातली, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीतले पेटी वाजवणारे गृहस्थ दुसऱ्या राज्यात गेले आणि काकूंनी माझ्या दिवाणखान्यात पेटी पाहिलेली होती. विषय संपला. दर रविवारी दुपारी एका मोठ्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये पंधरा-वीस कुटुंबं जमायची, काकू गायच्या आणि मी साथ करायची. काकूंचा आवाज मोकळा होता, वरच्या पट्टीत जाताना त्या डोळे मिटून किंचित हसायच्या. काका मागच्या रांगेत बसायचे, वही उघडून.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांच्याकडे एक जुनी रीत आहे. बारा ते तीन उपासना असते आणि वधस्तंभावरून येशू जे सात वेळा बोलला त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. एके वर्षी काकांना चौथा उद्गार दिला, देवानं मला का सोडलं असं विचारणारा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं होती. काका उभे राहिले आणि म्हणाले, "आपण दरवर्षी सात उद्गार म्हणतो. येशूचं चरित्र चौघांनी लिहिलंय, आणि हे सातही उद्गार त्यांतल्या कुणा एकानं ऐकलेले नाहीत. लूक तीन सांगतो. योहान वेगळेच तीन सांगतो. मत्तय आणि मार्क यांच्याकडे फक्त एकच आहे, आणि तो हा. त्यांच्या पुस्तकात क्षमा नाही, आईची सोय नाही, पूर्ण झालं म्हणणं नाही. नुसती ही हाक आहे आणि मग मरण. पुढच्या तीन वक्त्यांनी लगेच हिच्यावर फुंकर घालू नये, एवढीच विनंती." आणि बसले. दोन मिनिटंही झाली नव्हती.

हॉलमध्ये लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढचा वक्ता पाणी प्यायला आणि त्यानं व्यवस्थित फुंकर घातली. बाहेर पार्किंगमध्ये एका बाईंनी काकूंना विचारलं, तुमच्या मिस्टरांचा विश्वास ठीक आहे ना? काकू म्हणाल्या, "त्यांचा ठीक आहे हो. बाकीच्यांचा हलवून बघतात." गाडीत बसल्यावर मात्र काकूंनी काकांना झाप झाप झापलं, कारण त्यांच्या दोन मिनिटांमुळे काकूंचं गाणं पाव तास आधी आलं आणि त्यांचा घसा तयार नव्हता.

मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, अमोल तेव्हा नवीन होता. आठवडाभर तोही आमच्यासारखाच कॉम्प्युटरवर काम करायचा आणि रविवारी उपासना चालवायचा. मनानं चांगला, मेहनती. गेल्या वर्षी नाताळच्या आधी त्यानं ठरवलं की येत्या ईस्टरला पुनरुत्थानाची एकच सलग कथा वाचायची. चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची ती चार पुस्तकं, जोडून त्यानं ती बसवली होती, पडद्यावर चित्रांसकट. कबरीकडे जाणाऱ्या बायका किती, या प्रश्नावर त्यानं सगळ्या घेतल्या होत्या. देवदूत एक की दोन, तर दोन होते पण बोलला एकच. अंधार होता की सूर्य उगवला होता, तर घरून निघाल्या तेव्हा अंधार होता आणि पोचल्या तेव्हा उजाडलं. सगळं कसं बसलं होतं. मला तर फार आवडलं, आमच्या ऑफिसात त्याला बढती मिळाली असती.

काकांनी ते वाचलं आणि त्याला घरी बोलावलं. मी काकूंबरोबर चकल्या तळत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"यातलं कुठलं पुस्तक तू वाचतोयस?" काकांनी विचारलं.

"चारही, काका."

"नाही. हे पाचवं आहे, तू लिहिलेलं. या चौघांपैकी कुणीही ही गोष्ट सांगितलेली नाही. आणि इथे बघ, याकोबाची आई मरीया आणि ती दुसरी मरीया, या दोघी एकच धरल्यास तू. कशावरून?"

"काका, बहुतेक अभ्यासक तसंच मानतात."

"मीही मानलं होतं. मी एकदा दोन मारिया एक केल्यात, पाळकसाहेब. परत करणार नाही."

अमोलनं बिचाऱ्यानं आपले कागद गोळा केले. मग त्यानं जे सांगितलं ते मला पटलं होतं आणि अजूनही पटतं. तो म्हणाला, "आपली पोरं इथे वाढतायत. कॉलेजात जातील, कोणीतरी रूममेट त्यांना मोबाइलवर दाखवेल की बघ, तुमच्या पुस्तकात एक म्हणतो एक आणि दुसरा म्हणतो दोन. आणि ती म्हणतील, सगळंच खोटं. मला त्याची भीती वाटते. लोकांना विश्वास हवा असतो काका, फरकांचा तक्ता नको."

"तुझ्या विश्वासाला तक्त्याची भीती का वाटते?" काका म्हणाले. "मोबाइलवर दिसणारच आहे ना, मग आपणच आधी दाखवू. चार जणांनी चार पुस्तकांचे चार कागद घ्यायचे. दुसऱ्याचं ऐकून कुणी आपला कागद बदलायचा नाही. बस."

"आणि लोक म्हणाले की हे जुळत नाही?"

"म्हणू दे. जुळत नाही, तर नाही."

अमोलनं ते ऐकलं नाही. त्या दिवशी दोघंही चकली न खाता उठले आणि काकूंनी मला सांगितलं की या घरात तळण वाया जाण्याचं कारण नेहमी हाच माणूस असतो.

काकू तेव्हाच आजारी होत्या, आम्हाला माहीत नव्हतं. पोटात दुखतंय म्हणून गेल्या आणि डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगितला, तोही पसरलेला. नाताळ झाला आणि त्यांनी औषधं थांबवली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंग लावला. डेब नावाची हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येऊन सांभाळणारी, नर्स दिवसाआड येऊ लागली. मी सकाळी ऑफिसच्या आधी जाऊन बसायची. त्यांची मुलगी ग्रेस विमानानं तीन तासांवर, फ्रिस्कोला असते, ती येत-जात होती. जानेवारीतल्या शेवटच्या दिवशी मात्र ती तिकडे होती आणि बर्फामुळे तिची फ्लाइट कॅन्सल झाली. दुपारी चारच्या सुमारास काकू गेल्या. ग्रेस दुसऱ्या दिवशी पोचली. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरून बॅग न घेताच ती बाहेर आली होती, मीच आत जाऊन घेतली.

अमोल भेटायला आला. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काकू विजयी होऊन गेल्या, काका."

काकांनी वर पाहिलं. "हे कोणी पाहिलं?"

मला त्या क्षणी काकांचा संताप आला. एक पोरगा काहीतरी बरं बोलायला आला होता, ते घ्यायचं आणि गप्प बसायचं. पण अमोल गेल्यावर ते मला म्हणाले, "साडेतीन वाजता तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, मला नाही जायचं. मला धरून ठेवा. तिला भीती वाटत होती, वैशाली. मी ती पाहिलीय. आता सगळे मिळून ती पुसून टाकणार. आणि ती पुसली की त्या वेळी तिच्याजवळ कोणी नव्हतंच, असं होईल." एवढं बोलून त्यांनी काकूंचा चष्मा घडी करून खिशात ठेवला. मी त्यांना चौदा वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही. रडले ती मीच.

जानेवारीत इथली जमीन दगड झालेली असते. त्यामुळे स्मरणाची उपासना झाली, पण दफन एप्रिलपर्यंत थांबलं. ईस्टरनंतरचा शनिवार ठरला. त्या दिवशी द्यायची एक पत्रिका ग्रेसनं तयार केली, फोटो, एक गीत आणि काकूंच्या अखेरीबद्दल चार ओळी. मार्चमध्ये ती प्रिंट घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बापलेकीची जुंपली. मीही तिथेच होते.

ग्रेसनं लिहिलं होतं की मम्मी शांतपणे, तयारीनिशी प्रभूमध्ये निजली. काकांनी लाल पेननं त्या ओळीवर काट मारली.

"शी टोल्ड मी, पप्पा," ग्रेस म्हणाली. "त्या दिवशी दुपारी फोनवर. म्हणाली, माझी तयारी झालीय, तू घाई करू नकोस, रस्ते वाईट आहेत. मी ऐकलंय."

"तू फोनवर होतीस. मी तिथे होतो."

"सो माझं खोटं?"

"तुझं बाराचं आहे. माझं साडेतीनचं. जे नंतरचं, ते खरं."

ग्रेसचा चेहरा पांढरा पडला. आईजवळ पोचता आलं नाही म्हणून ती दोन महिने मनातल्या मनात जळत होती, आणि आईचा जो एक शब्द तिच्या वाट्याला आला होता तो बाप लाल पेननं खोडत होता. मला राहवलं नाही. खरं सांगते, मी त्यांच्या घरात इतक्या जोरात कधी बोलले नव्हते.

"म्हणजे नवी नोंद खरी धरायची," मी म्हणाले. "असंच ना काका? जुनी पुसायची. नियम मंजूर आहे का हा?"

 काकांनी पेनचं टोपण लावलं, ते उठले आणि खाली बेसमेंटमध्ये निघून गेले. ग्रेसला काही कळलं नाही, तिला मारियाची गोष्ट माहीत नव्हती. मी तिला सांगितली. ती ऐकून ती टेबलावर डोकं टेकून रडली आणि मी कढीत जास्तीचं मीठ घातलं.

चार दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. गॅरेजचं दार उघडायचे, मला पाहिलं की बंद करायचे. मी मनात म्हटलं, बंद करा. पाचव्या दिवशी बर्फातून चालत आले आणि माझ्या ओट्यावर एक कागद ठेवला. रेघा मारून चार रकाने केले होते. पहिल्यात ग्रेस, बारा वाजता, फोनवर, आणि तिनं ऐकलेले शब्द. दुसऱ्यात डेब, दोन वाजता. काकांनी तिला फोन करून विचारलं होतं. तिनं सांगितलं की काकूंनी पडदा सरकवायला लावला आणि कुठलीशी चाल गुणगुणल्या, तिला ती ओळखता आली नाही. तिसऱ्यात काका, साडेतीन वाजता. मला नाही जायचं, मला धरून ठेवा.

"पत्रिकेत हे असंच छापायचं," काका म्हणाले. "मधे ‘पण’ नाही, ‘नंतर’ नाही."

"आणि चौथा?"

"चौथा रिकामा ठेवायचा. अजून कोणी बोललं नसेल."

 मी चहा टाकायला वळले.

तोच कागद ते अमोलकडेही घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं ते मी ऐकलेलं नाही, त्यामुळे सांगणार नाही. एवढं खरं की ईस्टरच्या पहाटे तळ्याकाठी पडदा नव्हता, चित्रं नव्हती. तळ्यावर अजून बर्फाचा पापुद्रा होता, मी बोटं कापलेले हातमोजे घालून पेटी घेऊन बसले होते आणि समोर चार वाचक उभे होते. चौघांच्या हातात चार कागद.

अमोलनं मत्तयाचं वाचलं, त्यात भूकंप होतो आणि देवदूत धोंड लोटून तिच्यावर बसतो. भगिनी मंडळातल्या एका बाईंनी लूकचं वाचलं, त्यात दोन पुरुष आहेत आणि बायकांवर कुणाचा विश्वास बसत नाही. मग काकांची पाळी. त्यांच्याकडे मार्क होता. तीन बायका, सूर्य उगवलेला, आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण. त्या थरथर कापत पळाल्या आणि भीतीपोटी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. काका तिथे थांबले.

 अमोल हळूच म्हणाला, "काका, पुढे आहे."

"सगळ्यांत जुन्या प्रती इथेच थांबतात," काका म्हणाले. "आज मीही इथेच थांबतो. त्या घाबरल्यात. थोडा वेळ घाबरू दे त्यांना. कुणी लगेच समजूत काढायची गरज नाही."

कुणी काढली नाही. थंडीत चाळीस माणसं नुसती उभी होती. मग ग्रेसनं आपला कागद उघडला आणि योहानाचं वाचलं, अंधारात एकटी आलेली मरीया, रडत उभी, समोरच्याला माळी समजलेली, आणि मग तो तिला नावानं हाक मारतो. ग्रेसचं मराठी वाचन अडखळत होतं पण त्या हाकेपाशी तिचा आवाज तिच्या आईसारखा वर गेला. काकांनी टोपी काढून हातात धरली. पेटीवर सूर धरायची माझी वेळ होती आणि मी चुकले, हे सगळ्यांनी ऐकलं. अमोल नंतर मला म्हणाला की त्याला वाटलं होतं लोक निघून जातील. कुणी गेलं नाही. उलट परतताना गाड्यांपाशी माणसं वाद घालत होती की तीन बायका की एक, आणि अमोल मधे उभा राहून चक्क हसत होता.

पुढच्या शनिवारी दफन झालं. पत्रिका वाटल्या गेल्या. लोकांनी तीन रकाने वाचले, चौथ्याकडे पाहिलं, कुजबुज झाली. कुणीतरी ग्रेसला म्हणालं, छपाईत राहिलंय वाटतं. काका म्हणाले, "राहिलेलं नाही, ठेवलंय." मी माझी पत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली आणि नजर खाली ठेवली.

मेच्या शेवटी काका सहा महिन्यांसाठी म्हणून फ्रिस्कोला निघाले. परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं, आणि हे मी पाहिलं होतं. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले.  दारासमोर गाडी थांबवली, बॅगा उतरवल्या, आणि मला वाटलं की आता नाही सांगितलं तर त्या पळून गेलेल्या बायकांसारखीच मीही गप्प राहणार.

"काका, चौथा रकाना माझा आहे," मी म्हणाले.

 पत्रिका त्यांच्या खिशातच होती. त्यांनी ती गाडीच्या डिकीवर पसरली, पेन उघडलं.

"वेळ?"

"सकाळी अकरा. बर्फामुळे मी ऑफिसला गेले नव्हते, तुम्ही बाहेर गाडीवरचा बर्फ काढत होतात."

"आणखी कोणी होतं?"

"नाही. मी एकटीच."

"बोल."

"काकू म्हणाल्या, ह्यांच्याशी भांडत राहा गं. सगळे आता ह्यांचं ऐकून घेतील, हो हो म्हणतील. कोणी भांडलं नाही तर हे संपतील."

काकांनी ते शब्दच्या शब्द लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखं सुटं होतं. एक ट्रॅफिकवाला आमच्याकडे हात हलवत आला, गाडी हलवा. काकांनी त्याला इंग्रजीत सांगितलं की मी एक महत्त्वाचं काम करतोय आणि ते झाल्यावर हलवू. तो बघत राहिला.

"इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाटलं असतं की मी दया म्हणून भांडतेय."

त्यांनी चारही रकाने डावीकडून उजवीकडे एकदा वाचले. "कशाशीच जुळत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच काहीतरी ऐकलं, त्याला दिलासा म्हणावं की नाही मला माहीत नाही. "म्हणजे ही प्रमिलाच."

मग बॅग ओढत ते दाराकडे निघाले. दार आपोआप उघडलं आणि ते तिथेच उभे राहिले, मागच्या माणसांना अडवून, माझ्याकडे वळून.

"वैशाली, त्या दिवशी ग्रेससमोर तू मला बोललीस, ते प्रमिलानं सांगितलं होतं म्हणून, की तुला खरंच राग आला होता?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मग दोन्ही लिहितो," काका म्हणाले, आणि दारातच उभं राहून त्यांनी पुन्हा खिशातून पेन काढलं.